तू राहू दे, मी सांगते

शारजातल्या एका युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर मी सिक्युरिटीच्या कंट्रोल रूममध्ये बसते. माझा नवरा पुण्यातल्या नातेवाइकांना “ती पोलिसात आहे” असं बिनधास्त ठोकून देतो, आणि मग दिवाळीच्या फोनवर मला पिस्तुलाबद्दल विचारलं जातं. पिस्तूल कुठलं आलंय! हेडसेट, वॉकीटॉकी, समोर भिंतभर कॅमेऱ्यांचे चौकोन आणि कॅम्पसचा इमर्जन्सी नंबर, एवढाच माझा संसार. फोन आला की काय झालंय, कुठे झालंय ते काढून घ्यायचं, जवळच्या गार्डला नाहीतर नर्सला पळवायचं, आणि प्रकरण मोठं असेल तर खऱ्या पोलिसांना कळवायचं.

या कामाचा एक नियम आमच्या मल्याळी सुपरवायझरने ट्रेनिंगमध्येच डोक्यात घट्ट बसवला होता. जागा आपण सुचवायची नाही. “तुम्ही कुठे आहात?” एवढं विचारायचं आणि तोंड मिटून बसायचं. घाबरलेला माणूस तुम्ही जे म्हणाल त्याला हो म्हणतो. तुम्ही म्हणालात कँटीन, की तो म्हणणार हो, कँटीन, आणि तिकडे कोणीतरी पार्किंगमध्ये पडलेलं असतं. म्हणून समोरचा अडखळू दे, रडू दे, अरबीतून इंग्लिशमध्ये आणि परत अरबीत जाऊ दे, त्याचं वाक्य त्यालाच संपवू द्यायचं.

आणि खरं सांगते, मला ते छान जमायचं. मी मुळात तापट. घरात माझ्यासमोर कोणाचं वाक्य पूर्ण झालेलं मला आठवत नाही. पण हेडसेट चढवला की मी वेगळीच बाई व्हायचे. गाडीला ओरखडा पडला म्हणून थयथयाट करणारे प्रोफेसर असोत, की हॉस्टेलवरची हुंदके देणारी नवी मुलगी असो, मी आपली शांत. “टेक युवर टाइम, आय अॅम हिअर.” शेजारच्या खुर्चीवरचा लाहोरचा सहकारी मला बाजी, म्हणजे ताई म्हणतो, आणि मी त्याला भाऊ. तो म्हणायचा, “बाजी, आप में कितना सब्र है!” मी वर मान हलवून ते कौतुक घ्यायचे. माझ्या नवऱ्याने ऐकलं असतं तर हसून खुर्चीवरून पडला असता.

माझी मुलगी याच कॅम्पसवर शिकते. दुसऱ्या वर्षाला आहे. जन्म इथला, शाळा इथली, आम्ही मराठीत विचारतो आणि ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. लहानपणापासून ती बोलताना अडखळते. शब्द तोंडाशी येतो आणि दाराशी चप्पल अडकावी तसा अडकतो. तिचे डोळे मिटतात, हनुवटी थरथरते. समोरचा माणूस एकतर जमिनीकडे बघतो नाहीतर उगाच मोठ्याने हसून “इट्स ओके, इट्स ओके” म्हणतो.

माझ्याने ते बघवायचं नाही. म्हणून मी मध्ये पडायचे. शावर्माच्या गाडीवर तिची ऑर्डर मी द्यायचे. डॉक्टरने तिला विचारलं कुठे दुखतंय, की मी सांगायचे पोटात, डावीकडे. अबू धाबीच्या रीम आयलंडवर नवऱ्याच्या मावसबहिणीकडे आम्ही दर संक्रांतीला हळदीकुंकवाला जातो. तिथे एखाद्या काकूंनी तिला कौतुकाने “काय गं, काय शिकतेस तू?” असं विचारलं, की तिने श्वास घ्यायच्या आत माझं उत्तर तयार. “बायोटेक करतेय, सेकंड इयर. हुशार आहे हो, फक्त लाजाळू आहे.” ती मुळीच लाजाळू नाही. घरी खोलीचं दार लावून मैत्रिणींशी तासन् तास बोलते. पण अडखळते असं सांगण्यापेक्षा लाजाळू आहे असं सांगणं मला बरं वाटायचं. काकू पुढे लग्नाच्या गोष्टींवर येणार हे मला ठाऊक असायचं.

मी हे सगळं तिच्यासाठी करते, असं मी स्वतःला पढवून ठेवलं होतं. खोटं होतं ते. मला तिची लाज वाटायची. पोटच्या पोरीची. आता लिहायला बसलेच आहे तर आडपडदा कशाला ठेवू?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मंगळवारची सकाळ, वेळ निवांत. लाहोरच्या भाऊने नुकताच करकचा आणून ठेवला होता. करकचा म्हणजे वेलची घातलेला दाट चहा. इमर्जन्सीची लाइन वाजली आणि स्क्रीनवर माझ्या मुलीचा नंबर उमटला. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. हेडसेटवरची ती शहाणी बाई कुठल्या कुठे गेली आणि मी सरळ मराठीत सुरू झाले.

“काय झालं? तू बरी आहेस ना?”

तीही घाबरून मराठीतच म्हणाली, ती बरी आहे. मैत्रीण बेशुद्ध पडली आहे, तिला डायबेटिस आहे. एवढं सांगायला तिला बराच वेळ लागला. घाबरली की तिचं अडखळणं दुप्पट होतं. मग जागा सांगायची वेळ आली आणि शब्द बसला तो बसलाच. मला तिचा श्वास ऐकू येत होता, जिभेची ती तडफड ऐकू येत होती. शेजारी भाऊ ऐकतोय, समोर ट्रेनिंगला आलेला नवीन पोरगा ऐकतोय, आणि माझं नेहमीचं सुरू झालं. मंगळवारी या वेळेला तिला तास नसतो आणि ती लायब्ररीत बसते, हे मला पाठ. टाइमटेबल आमच्या फ्रिजवर लावलेलं आहे.

“हो हो, कळलं. लायब्ररी ना? पाठवते.”

“आ... आई...”

“अगं निघतायत ते, झालं. घाबरू नकोस.”

“आई, ऐ...”

“तू बोलू नकोस आता. तू राहू दे, मी सांगते त्यांना.”

मी लाइन होल्डवर टाकली, वॉकीटॉकी उचलली आणि नर्सला आणि दोन गार्डना बग्गी घेऊन लायब्ररीकडे पळवलं. परत लाइनवर आले तर ती नव्हती. फोन तिने ठेवून दिला होता.

थोड्या वेळाने नेपाळी गार्डचा आवाज आला. “मॅडम, लायब्ररी में कोई नहीं है.” वरचा मजला बघ म्हटलं. वरही कोणी नाही. मी कॅमेरे एकामागून एक पालथे घातले. लायब्ररीत पोरं शांतपणे पुस्तकात डोकं घालून बसलेली. मुलीला फोन लावला, ती उचलेना. कुठल्यातरी खोलीत एक मुलगी जमिनीवर पडली आहे, तिची साखर उतरत चालली आहे, आणि तिच्यासाठी निघालेली मदत मी कॅम्पसच्या दुसऱ्या टोकाला नेऊन उभी केली आहे.

जागा कळली ती स्टुडंट सेंटरच्या दारावरच्या गार्डकडून. माझी मुलगी जिना उतरून त्याच्यासमोर धापा टाकत उभी राहिली होती आणि मोबाइलवर टाइप केलेलं तिने त्याच्या डोळ्यांपुढे धरलं होतं. त्याने ते वॉकीटॉकीवर अक्षर अक्षर लावून वाचलं. स्टुडंट सेंटर, वरचा मजला, कौन्सेलिंगची खोली. नर्स तिकडे पोचली, ग्लुकोजचं इंजेक्शन दिलं, मग अँब्युलन्स आली. ती मैत्रीण संध्याकाळी हॉस्पिटलच्या खाटेवर उठून बसली होती. वाचली पोर. डॉक्टर तिच्या आईवडिलांना म्हणाले, अजून उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

घरी मुलीने विषय काढला नाही. मीही काढला नाही. जेवताना नवरा हमरियातल्या त्याच्या फॅक्टरीत बंद पडलेल्या क्रेनबद्दल बोलत राहिला, आणि आम्ही दोघींनी त्या क्रेनमध्ये भलताच रस घेतला.

आमच्याकडे पद्धत अशी की कुठलीही मोठी घटना झाली की पुढच्या मीटिंगमध्ये त्या कॉलचं रेकॉर्डिंग सगळ्यांनी मिळून ऐकायचं. कोणाला शिक्षा करायची म्हणून नाही, शिकायचं म्हणून. मी दुसऱ्यांचे कॉल ऐकताना किती शेरे मारले आहेत! “इथे तू मध्ये बोललास बघ,” हे माझं आवडतं वाक्य. त्या दिवशी सुपरवायझर, आमच्या विभागप्रमुख एमिराती मॅडम, भाऊ, नवीन पोरगा, सगळे टेबलाभोवती बसले होते. रेकॉर्डिंग मराठीत. कोणालाच कळेना. सुपरवायझर म्हणाला, रिपोर्टसाठी इंग्लिश हवं, तूच सांग थांबत थांबत.

त्याने पहिला तुकडा वाजवून थांबवला.

“इथे तू काय म्हणालीस?”

“यस यस, अंडरस्टुड.”

“काय अंडरस्टुड? तिने तर अजून जागा सांगितलीच नाही ना?” तो टोमणा मारत नव्हता, बिचाऱ्याला खरंच प्रश्न पडला होता.

पुढचा तुकडा. माझाच आवाज, पण किती कर्कश, किती घाईचा! घरी मी अशी बोलते? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मॅडमनी विचारलं, “आणि कॉलर? ती काय म्हणतेय?”

“ती म्हणतेय, आई. म्हणजे मदर.”

“मग?”

“मग परत आई. आणि मग... ऐक. लिसन.”

“आणि त्यावर तू?”

मी ते वाक्य इंग्लिशमध्ये केलं. डोंट स्पीक नाऊ. यू लीव्ह इट, आय विल टेल. मराठीत ते कसं मायेचं वाटतं हो! हजार वेळा म्हटलं असेन मी. इंग्लिशमध्ये त्या टेबलावर ते नुसतं पडून राहिलं आणि त्याच्यात माया कुठे दिसेना. भाऊ आपल्या चहाच्या कपात बघत बसला. नवीन पोराने पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

मॅडम भल्या बाई. माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, “हबीबती, आईचं काळीज आहे. तू घाबरलीस.” आणि मी, निर्लज्ज, मान हलवली. घाबरले होते, हो, घाबरले होते. वास्तविक घाबरले नसते तरी मी तेच केलं असतं. एकोणीस वर्षं तेच करत आले होते.

मग सुपरवायझर रिपोर्ट पुढे वाचायला लागला. ती कौन्सेलिंगची खोली अडखळत बोलणाऱ्या मुलामुलींच्या ग्रुपची होती. ते दर मंगळवारी भेटतात. त्या दिवशी कौन्सेलर अजून यायच्या होत्या आणि माझी मुलगी आणि ती मैत्रीण लवकर पोचल्या होत्या. “युवर डॉटर गोज रेग्युलरली, नो? तुला माहीत असेलच.”

“हो, हो, माहीत आहे की,” मी म्हणाले.

मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. फ्रिजवर मंगळवारच्या चौकोनात लायब्ररी असंच लिहिलेलं होतं, आणि ते लिहिलेलं होतं माझ्याच हाताने. मला दोन दिवसांचं ट्रेनिंग परत करायला सांगितलं. त्याचं मला काही वाटलं नाही. उलट याहून मोठी शिक्षा द्यायला हवी होती.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी एकत्र घरी आलो. बिल्डिंगखाली गाडी लावली, इंजिन बंद केलं, पण ती उतरली नाही आणि मीही उतरले नाही. मला सॉरी म्हणायचं होतं. ते म्हणायच्या ऐवजी माझ्या तोंडून काय बाहेर पडलं? तर तक्रार.

“ग्रुपचं मला सांगितलं का नाहीस?”

“यू वुड हॅव कम विथ मी,” ती म्हणाली. एकदाही न अडखळता म्हणाली.

आले असते. पहिल्याच दिवशी तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसले असते आणि कौन्सेलरला तिचं सगळं सांगून टाकलं असतं. मी विचारलं, “मग त्या दिवशी मला माझ्या मोबाइलवर का नाही केलास फोन? इमर्जन्सीवर का केलास? तिथे दुसरं कोणी असतं तर?”

ती समोर काचेकडे बघत होती. तिने डोळे मिटले, आणि मला कळलं की हे वाक्य लांब आहे.

“आय न्यू इट वुड बी यू,” ती म्हणाली. मग थांबली. हनुवटी थरथरली. बाहेर वॉचमनने दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीला हात केला. “ऑन द-द... ऑन दॅट फोन...” परत अडलं. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. “ऑन दॅट फोन यू व... व... वेट फॉर पीपल.”

मी मध्ये बोलले नाही. पण त्यात माझं काही कौतुक नाही. माझ्याकडे बोलायला काही नव्हतंच.