दगडी पाला आणि कंबरमोडी

पाथर्डीकडच्या आमच्या गावात कुणाला विळा लागला, की झुंबरबाईंना बोलावणं जायचं. बांधावर उंच देठाचं, पिवळ्या बोंडाचं एक बारकं फूल येतं. त्याची पानं झुंबरबाई तळहातावर चोळायच्या आणि रस जखमेवर पिळायच्या. आमच्याकडं त्याला दगडी पाला म्हणतात.

एका दिवाळीनंतर गावची टोळी लांब कोल्हारच्या शिवारात ऊसतोडीला गेली. ऊस छाटताना झुंबरबाईंच्या नवऱ्याचा, गहिनीनाथांचा, कोयता निसटला आणि त्यांच्याच गुडघ्यामागं खोल रुतला. झुंबरबाईंनी दोन्ही हातांनी जखम दाबून धरली. टोळीतली माणसं लांब ट्रॅक्टर भरत होती. जवळ फक्त शेजारच्या रानात खुरपणाऱ्या चांगुणाबाई होत्या, कोल्हारच्याच.

"बाई, दगडी पाला आना लवकर."

"कसला पाला?" चांगुणाबाईंनी ते नाव कधी ऐकलं नव्हतं. त्या बांधावर इकडंतिकडं बघत राहिल्या, मग माणसं बोलवायला पळाल्या. टेम्पो दवाखान्यात पोचायच्या आधीच गहिनीनाथ गेले.

डॉक्टर म्हणाले, "मोठी शीर तुटली होती. पाल्यानं थांबलं नसतं." झुंबरबाईंनी ऐकून घेतलं. तेव्हा पटलं मात्र नाही.

पुढच्या वर्षी झुंबरबाईंना पुन्हा तिकडंच तोडीला जावं लागलं. चांगुणाबाई खोप्या धुंडाळत आल्या आणि झुंबरबाईंच्या चुलीपाशी बसल्या.

"त्याला आमी कंबरमोडी म्हन्तो," त्या म्हणाल्या. "मला मागनं कळलं. बांधावर लई हुती. मी तिच्यावरच उभी हुते."

झुंबरबाई काटक्या सारत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी नुसतं बोट दाखवलं असतं तरी झालं असतं. पन हात सोडवंना."

"मी तरी इचारायचं हुतं, दिसतो कसा म्हनून."

उठताना चांगुणाबाईंनी पदराखालची मेथीची जुडी तिथं ठेवली.

त्यानंतर झुंबरबाईंनी कुणाला पाला लावला नाही. पोरं रक्ताळलेलं बोट घेऊन आली, तर त्या पाण्यानं धुतात आणि हाताला धरून दवाखान्यात नेतात. म्हाताऱ्या बाया कुरकुरतात, "एवढ्याशाला दवाखाना कशाला गं?" त्या पोराला घेऊन चालू लागतात.

आता त्यांच्या गुडघ्यांना ऊसतोड झेपत नाही. तोडीला मुलगा कल्याण आणि सून आरती जातात, नातवंडं झुंबरबाईंपाशी असतात. फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "जखमेच्या पट्ट्या घेतल्या का? गाडी जवळ हाय का?"

कल्याण व्हय म्हणतो. मग त्या फोन आरतीकडं द्यायला लावतात आणि तिलाही तेच विचारतात.