चित्रात दिसतं तेवढंच

ग्लेनिस ट्रेगेन्झाच्या नाकावर राग नाही असा दिवस मी पाहिलेला नाही. मागच्या हिवाळ्यात फुटबॉलच्या मैदानावर तिने पंचाला इतकं फैलावर घेतलं, की क्लबाने तिला उरलेले सामने गाडीत बसून बघायला सांगितले. बाई गाडीत बसली आणि हॉर्न वाजवायला लागली. तिचा नवरा क्लेम सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर खेकडे धरायला जातो. खेकडे मिळोत न मिळोत, तेवढीच शांतता, असं तोच सांगतो.

आमच्या गावच्या शाळेत मी लायब्ररी सांभाळते. माझ्या टेबलामागच्या खोलीत ग्लेनिस बसते. ज्या मुलांना दिसत नाही त्यांच्यासाठी गणिताच्या आणि विज्ञानाच्या आकृत्या ती बोटांना कळतील अशा करते. एका खास कागदावर काळ्या रेघांनी आकृती काढायची आणि तो कागद तापलेल्या यंत्रातून सरकवायचा, की काळ्या रेघा तेवढ्या फुगून वर येतात. कुठे लोकर चिकटव, कुठे खरखरीत पॉलिश कागदाचा तुकडा, बाजूला ब्रेलमध्ये अक्षरं. आकृती झाली की ती डोळे गच्च मिटून त्यावरून बोटं फिरवते आणि कुठे अडखळली की कागद टराटरा फाडते. वर स्वतःलाच शिव्या.

तिचा नियम एकच. डोळस पोराला चित्रात जेवढं दिसतं तेवढंच न दिसणाऱ्या पोराच्या बोटाला कळलं पाहिजे. कमी नाही आणि जास्त तर अजिबात नाही. एकदा एका नव्या शिक्षिकेने दयेपोटी सुचवलं, की त्रिकोणाच्या कोपऱ्यात ब्रेलमध्ये जरा इशारा लिहून ठेव ना, बिचारीला सोपं जाईल. त्यावर ग्लेनिसने तिला काय काय सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. ती शिक्षिका नंतर पुस्तकं परत करायलाही दुसऱ्याला पाठवायची.

ही 'बिचारी' म्हणजे मेरिन बोलिथो. अकरावीत होती. जन्मापासून दिसत नाही, जीभ धारदार आणि डोक्यात एकच खूळ, भौतिकशास्त्र. बारावीला तो विषय घ्यायचा तर अकरावीच्या चाचणीत पास व्हावं लागतं. तिला तेवढंच हवं होतं.

त्या वर्षाच्या सुरुवातीला शाळेने गणित-विज्ञानाचा ऑनलाइन सराव विकत घेतला. हजारो प्रश्न, प्रत्येकाला रंगीत आकृती. विकणाऱ्यांनी छातीठोकपणे सांगितलं, की न दिसणाऱ्या मुलांचीही सोय केली आहे. प्रत्येक आकृतीमागे तिचं वर्णन लिहिलेलं आहे, पडद्यावर ते कुणाला दिसत नाही, पण मेरिनच्या लॅपटॉपमधला आवाज तिला ते कानात वाचून दाखवेल. आमचे प्रिन्सिपॉल हॉल्डेन हरखून गेले. आता फुगीर कागदाची काय गरज? ग्लेनिसचं यंत्र भिंतीला लागलं आणि ग्लेनिसला लहान मुलांच्या वाचनाच्या तासाला बसवलं. तिच्या धाकाने तो महिना लायब्ररीत कुणी खोकलंसुद्धा नाही.

आणि मेरिनला मार्क पडायला लागले. साधेसुधे नव्हे, शंभरातले पंचाण्णव, सत्त्याण्णव. हॉल्डेनसाहेबांनी तिला सगळ्या शाळेसमोर उभं केलं. टाळ्या थांबेनात. निम्म्या शिक्षकांच्या डोळ्यांत पाणी. माझ्या शेजारी ग्लेनिस हाताची घडी घालून बसली होती.

"काहीतरी भानगड आहे," ती म्हणाली.

"ग्लेनिस, हळू बोल."

"का हळू? गेल्या वर्षी ही पोरगी विजेच्या आकृतीपाशी रडकुंडीला यायची. आता एकही चूक नाही? कुठून तरी उत्तरं मिळताहेत तिला."

हे तिने शिक्षकांच्या खोलीत चहा पितानाही बोलून दाखवलं. बापरे! सगळे तिच्यावर तुटून पडले. न दिसणाऱ्या मुलीवर असा आळ? तुझं काम गेलं म्हणून पोरीच्या मार्कांवर डूख धरतेस? भौतिकशास्त्राचे नोस्केसर तेवढे त्यात सामील झाले नाहीत. ग्लेनिस कप आदळून निघून गेली. शाळेत असलं काही लपत नाही, ते मेरिनच्या कानावरही गेलं.

चाचणी आली. चाचणीत लॅपटॉप नाही. परीक्षा मंडळाकडून आलेल्या कागदावर फुगीर आकृत्या होत्या. मेरिनने त्यांवर बोटं फिरवली, फिरवली, आणि अर्धा पेपर कोरा दिला. सपशेल नापास.

हॉल्डेनसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी उपाय काढला. बारावीला भौतिकशास्त्र नको. पोरीवर ताण येतो. संगीत घे, छान आवाज आहे तुझा. मेरिनला साधं गाणं गुणगुणायचीही गोडी नव्हती, हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं.

ती तणतणत लायब्ररीत आली. काठी टेबलावर फेकली. "मिस ग्लेनिस कुठे आहेत?"

"इथेच आहे. ओरडू नकोस, ओरडायचं काम माझं आहे," ग्लेनिस आतून म्हणाली. "तो लॅपटॉप काढ. हेडफोन काढून ठेव. मला ऐकू दे तू काय ऐकतेस ते."

मीही कान टवकारले. पहिला प्रश्न विजेचा होता. आवाज शांतपणे वाचू लागला, "आकृतीत दोन दिवे समांतर जोडले आहेत, त्यामुळे पहिला दिवा काढला तरी दुसरा तसाच पेटत राहील. प्रश्न. पहिला दिवा काढल्यास दुसऱ्याचे काय होईल?"

ग्लेनिसचा चेहरा लाल झाला. "पुढचा."

"आकृतीत उतारावरून ठोकळा खाली घसरत आहे आणि घर्षणाचे बल उताराच्या वरच्या दिशेला आहे. प्रश्न. घर्षणाचे बल कोणत्या दिशेला आहे?"

"पुढचा!"

पुढचाही तसाच. वर्तुळाच्या प्रश्नात तर कोन नव्वद अंशांचा आहे असं सांगून मग कोन किती, असं विचारलं होतं. ग्लेनिसने हात टेबलावर असा आपटला की माझे शिक्के उडाले.

"हे ऐकून तुला काही वाटलं नाही? सरळ उत्तर सांगताहेत, पोरी!"

मेरिन गोंधळली. तिची जीभ अशी अडखळलेली मी कधी ऐकली नव्हती. "मला वाटलं चित्रात तसंच असतं. सगळ्यांना ते दिसत असणार. मला वाटलं, चित्र म्हणजे उत्तर सांगण्यासाठीच काढतात. म्हणून तर लोक सारखे म्हणतात ना, चित्र बघितलं की कळतं?"

मला तर त्या वर्णन लिहिणाऱ्या भल्या माणसाची मुंडी पिरगाळावीशी वाटली. त्याला वाटलं असणार, आपण पुण्य करतोय.

मेरिनला उलगडा व्हायला वेळ लागला नाही. तिने काठी उचलली आणि तरातरा ऑफिसात गेली. ग्लेनिस तिच्यामागे, आणि मी ग्लेनिसमागे, कारण साक्षीला कुणीतरी हवं.

हॉल्डेनसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "अरेरे. पण त्यांचा हेतू वाईट नव्हता, मेरिन. आणि तुझा तर काहीच दोष नाही."

"दोषाचं कोण बोलतंय, सर?" मेरिनचा आवाज चढला. "माझ्या शेजारच्या जेगोला एकदम सत्त्याण्णव पडले असते, तर तुम्ही काय केलं असतंत?"

"म्हणजे?"

"त्याला इथे बोलावून विचारलं असतंत, कुणाचं बघून लिहिलंस? मला कुणी विचारलं? टाळ्या वाजवल्यात. रडलात. मला खरंच येतंय की नाही, याच्याशी तुम्हाला काही देणंघेणंच नव्हतं. मी काहीतरी करतेय एवढ्यानेच तुम्ही भरून पावलात." ती मागे उभ्या असलेल्या ग्लेनिसकडे वळली. "अख्ख्या शाळेत एकट्या ह्यांनी मला चोर म्हटलं. ह्यांनाच वाटलं की मी शिकायला येते."

हॉल्डेनसाहेब टेबलावरची पेनं सारखी करत बसले. ग्लेनिस म्हणाली, "ते सगळे सराव-मार्क काढून टाका आणि पोरीला वर्षाअखेरीला पुन्हा बसू द्या. नाहीतर मी गाडी आणून तुमच्या खिडकीखाली हॉर्न वाजवत बसेन. क्लबाला विचारा, मी किती वेळ वाजवू शकते ते." परवानगी मिळाली.

यंत्र पुन्हा खोलीच्या मधोमध आलं. त्या दोघींनी सगळा वसंत एकमेकींवर खेकसण्यात घालवला. "हा दिवा आहे की बटाटा?" "बटाटा तुझं डोकं! पुन्हा बोट फिरव." "मिस, ही रेघ इथे तुटलीय." "तुटलेलीच आहे, तिथे स्विच उघडा आहे, एवढंही कळत नाही?" पहिल्या पंधरवड्यात तिचं एकही उत्तर बरोबर आलं नाही. ती रडली, ग्लेनिसने तिला रडू दिलं आणि पुढचा कागद समोर सरकवला.

वर्षाअखेरीला मेरिनला शंभरात एकसष्ट पडले. हॉल्डेनसाहेब हळहळले, सत्त्याण्णवांवरून एकसष्ट! पण नियमाने ती पास होती आणि भौतिकशास्त्राच्या वर्गात तिची जागा पक्की होती.

पेपर फडकावत ती लायब्ररीत आली. "नोस्केसरांनी भर वर्गात झापलं मला! उत्तरं बरोबर आणि एककं लिहिली नाहीत म्हणून सहा मार्क कापले. म्हणाले, आळशी आहेस, पुन्हा असं केलंस तर वर्गाबाहेर उभी करीन. सगळ्यांसमोर!"

"एककं लिहिली नाहीस?" ग्लेनिस ताडकन उठली. "नुसतं पाच? पाच काय, पाच खेकडे? मी असते तर बारा कापले असते!"

"तुम्हीपण त्यांच्याच बाजूच्या!"

"दाखव तो पेपर!"

दोघी एकाच वेळी ओरडत होत्या. लायब्ररीत अभ्यास करणारी मुलं माझ्याकडे बघायला लागली, की बाई ह्यांना गप्प का करत नाहीत. मी मान खाली घालून पुस्तकांवर शिक्के मारत राहिले. नोस्केसर धरून त्या पोरीवर चिडणारी आता दोन माणसं झाली होती.