दगडफुलाचं चॉकलेट

गेल्या नाताळात मी शेजारच्या आंटींना दगडफूल, धणे आणि हिंग घातलेलं चॉकलेट खायला दिलं. बाई सत्तरीच्या. नऊ महिन्यांपूर्वी त्यांचे यजमान गेले होते, आणि त्यांनी आमचं कधीही काहीही वाकडं केलेलं नव्हतं.

मी सिंगापुरात, पाया लेबारला, एका बँकेत काम करतो. काम तपासणीचं. लोकांनी भरलेले कागद बरोबर भरले आहेत का, आणि ‘तपासले’ म्हणून ज्याने सही केली त्याने खरंच तपासले का, हे मी तपासतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे कोणी ना कोणी ते मला ऐकवणारच आहे. (बायकोने ऐकवलं. अजून ऐकवते.)

आम्ही बेडोकला आठव्या मजल्यावर राहतो. मी, मानसी, नऊ वर्षांची इरा, पाच वर्षांची चिनू, आणि हिवाळ्यात पुण्याहून येणारी माझी आई. सिंगापुरात हिवाळा नसतो हे आईला मान्य नाही. ती स्वेटर घेऊन येते आणि एसीसमोर बसून घालते.

शेजारचं दार डोरीन आंटी आणि लॉरेन्स अंकलचं. अंकल दर नाताळात आमच्या मुलींना टेबलाभोवती बसवून रमबॉल करायचे. मारी बिस्किटांचा चुरा, कंडेन्स्ड मिल्क आणि कोको एकत्र कालवायचा, गोळे वळायचे, सुक्या खोबऱ्यात घोळवायचे, झालं. ओव्हन लागत नाही, गॅस लागत नाही आणि अक्कलही फारशी लागत नाही, असं अंकल म्हणायचे. मुलांचे गोळे नुसते. मोठ्यांच्या गोळ्यांत रम. मग निळ्या फुलांच्या काठाच्या एका चिनी मातीच्या ताटलीत दोन्ही प्रकार आमच्याकडे यायचे. एका वर्षी आईने न विचारता मोठ्यांचे चार खाल्ले, संध्याकाळपर्यंत झोपली आणि उठल्यावर म्हणाली, “गुणाचे आहेत हो. कफ अगदी मोकळा झाला.”

अंकलची शेवटची ताटली आली तेव्हा ते इराला म्हणाले होते, “नेक्स्ट इयर यू मेक, आय ओन्ली ईट.” इराने हात मिळवून कबूल केलं.

ताटली आमच्याकडे राहिली. शेजाऱ्यांचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा आईच्या राज्यातला पहिला कायदा. संक्रांतीला गुळाच्या पोळ्या घालून देऊ म्हटलं, तर अंकल हॉस्पिटलात. “घरी आले की देऊ,” मी म्हणालो. त्यांना भेटायला मी एकदाच गेलो, तेही वीस मिनिटं, आणि त्यातली दहा फोनवर. मार्चमध्ये अंकल गेले. तेव्हापासून ती ताटली स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती, आणि पाणी प्यायला गेलं की माझ्याकडे बघायची. दिवाळीला तिच्यात चकल्या भरायला घेतल्या तर इरा आडवी आली. “नो! धिस वन ख्रिसमस प्लेट. अंकलचे बॉल्सच जाणार.”

आणि डिसेंबरात आंटींनी सांगितलं, “धिस इयर नो ख्रिसमस लाह.” (लाह, आह, व्हॉट ही इथल्या बोलण्याची शेपटं. अर्थ नसतो, जोर असतो.) झाड नाही, केक नाही. सव्वीस तारखेला त्या मुलाकडे पर्थला जाणार होत्या. परत कधी? “सी हाऊ,” त्या म्हणाल्या. सिंगापुरात ‘सी हाऊ’ म्हणजे बहुतेक वेळा नाहीच.

रात्री जेवताना हे ऐकून आईने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाली, “वर्षाच्या आत माणूस गेलेलं असेल तर त्या घरात सणाचं काही करत नाहीत. शेजारच्यांनी न्यायचं असतं. तुझे बाबा गेले त्या दिवाळीला माझ्या ओट्यावर अकरा घरचा फराळ होता. एक चकली खाल्ली नाही मी. पण अकरा होते, हे अजून लक्षात आहे.”

चोवीस तारखेला सकाळी आम्ही कामाला लागलो. मला सुट्टी होती. मानसी वन-नॉर्थला ऑफिसात अडकली होती. तिने फोनवर सूचना दिल्या. “कोको वरच्या कपाटात आहे. कालच नवा डबा आणलाय. आणि एकदा बघून घे रे सगळं.”

“मी बघतो,” मी म्हणालो. (बघणं हाच माझा पेशा!)

बिस्किटं चिनूकडे दिली. तिने पुडे पिशवीत घातले, पिशवी जमिनीवर ठेवली आणि आईचं लाटणं दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेऊन हाणायला सुरुवात केली. सहाव्या मिनिटाला खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले.

“रिनोव्हेशन इज इट?” त्यांनी जाळीच्या दारातून विचारलं. “परमिट गॉट?”

चिनूने त्यांना मूठभर चुरा दिला. ते तो हातात घेऊन लिफ्टकडे गेले.

मी वरचं कपाट उघडलं. कोकोचा डबा समोरच होता. मागे आणखी एक होता, पण समोरचा असताना मागचा कशाला काढायचा? झाकण उघडलं. आत गडद तपकिरी पूड. मला सर्दी झाली होती, नाक ठार बंद. अंकलच्या अक्षरातला कागद इराने गेल्या वर्षीपासून जपून ठेवला होता. त्यात पाच चमचे लिहिले होते. आपलं माणूस म्हणून मी सात घातले.

“बाबा,” इरा कालवता कालवता थांबली, “व्हाय गॉट आमटी स्मेल?”

“आजी आमटी करतेय म्हणून.”

आई खरोखरच शेजारी आमटीला फोडणी देत होती.

“बट माय हँड ऑल्सो स्मेल.”

“हवेत असतं ते. वाफेने लागतं.”

“अँड कोको सो रफ.”

“चांगल्या प्रतीचा कोको दाणेदारच असतो,” मी म्हणालो. हे मला कुठून सुचलं, माहीत नाही. ऑफिसातही कोणी प्रश्न विचारला की मला असंच काहीतरी सुचतं.

इराने बोट चाटायला उचललं, आणि आईचा दुसरा कायदा आडवा आला. “खबरदार! नैवेद्य दाखवल्याशिवाय चव घ्यायची नाही.”

“आजी, धिस इज ख्रिसमस!”

“सण कुणाचाही असू दे. आधी देवाला.”

मग आईने हात धुतले, बसली आणि कारभार ताब्यात घेतला. “असे वळतात का लाडू? हे दगड झालेत.” तिने प्रत्येक गोळा पुन्हा वळला आणि त्यावर एकेक बेदाणा चिकटवला.

“नो रेझिन लाह, आजी! अंकल नेव्हर पुट रेझिन!”

“अंकलना सांगायला कोणी नव्हतं.”

शेवटी करार झाला. बेदाणा राहील, पण खोबऱ्याखाली, दिसणार नाही असा. बत्तीस गोळे पांढरे शुभ्र होऊन निळ्या काठाच्या ताटलीत बसले आणि ताटली देवघरात गेली. आईने वर तुळशीचं पान ठेवलं. चिनूने विचारलं, “बाप्पा ईट ख्रिसमस आह?” आई म्हणाली, “तो काय विचारून खातो का?”

नैवेद्य झाला. आता चव घ्यायला कायद्याने हरकत नव्हती. मी हात पुढे केला, तो इराने बाजूला सारला. अंकलचा नियम होता म्हणे: पहिला घास डोरीन आंटींचा. देवाचा कायदा संपला तिथे अंकलचा सुरू झाला, आणि दोघांच्या मध्ये बत्तीसच्या बत्तीस गोळे कोणीही न चाखता घराबाहेर पडले.

आंटींच्या हॉलमध्ये सुटकेस उघडी पडली होती, अर्धी भरलेली. झाड असायचं तिथे भिंतीवर नुसता खिळा आणि दिव्यांची वायर. इराने दोन्ही हातांनी ताटली पुढे धरली आणि पाठ केलेलं बोलली, “आंटी, अंकल टोल्ड मी धिस इयर आय मेक. सो आय मेड. मेरी ख्रिसमस.”

आंटींनी ताटली ओळखली. काठावरच्या निळ्या फुलांवरून बोट फिरवलं. “आय थॉट धिस वन ब्रोकन ऑलरेडी,” त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. आम्ही चौघं समोर रांगेत उभे. त्यांनी एक गोळा उचलला आणि अर्धा तोडला.

त्या चावत राहिल्या. चावतच राहिल्या. डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, अंकलची आठवण आली. मी आईकडे बघितलं, आईने पदर डोळ्याला लावला. मग आंटींना ठसका लागला.

“इरा, गर्ल,” पाण्याचा पेला संपवून त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, “यू पुट व्हॉट इनसाइड?”

मी एक गोळा तोंडात टाकला. सर्दी असूनही कळलं. आधी कंडेन्स्ड मिल्क, मग लवंग, मग धणे, मग हिंग, आणि सगळ्यांत शेवटी जिभेवर येऊन बसलं ते दगडफूल. आईनेही एक खाल्ला आणि तिचा चेहरा उजळला. “अरे! हा तर माझा गोडा मसाला!”

आता डब्याचा इतिहास सांगणं भाग होतं. नोव्हेंबरात आईच्या बॅगेत मसाल्याची पिशवी फुटली होती. तो मसाला गोळा करून, चाळून, कोकोच्या रिकाम्या डब्यात कोणी भरला? मी. “लेबल उद्या लावतो,” असं मानसीला कोण म्हणालं? मी.

इरा हसली नाही. “आय स्पॉइल ऑलरेडी,” ती म्हणाली. “अंकलची रेसिपी आय स्पॉइल.” आणि ती रडायला लागली, मोठ्यांदा नाही, खाली बघत. तिला वास आला होता. तिने विचारलंही होतं, दोनदा. गप्प मी केलं होतं.

डबा बनवणाऱ्यावर, सर्दीवर, आमटीवर ढकलण्याची माझी पूर्ण तयारी होती. पण समोर ती ताटली होती. मी म्हणालो, “इरा, तुझं काही चुकलं नाही. तू बरोबर होतीस. मी बघितलं नाही.” आणि मग आंटींना इंग्रजीत म्हणालो की सॉरी, मसाल्याबद्दल, आणि ही ताटली जानेवारीतच यायला हवी होती, अंकल असताना, त्याबद्दल जास्त सॉरी. एवढं बोलायला मला अकरा महिने लागले होते.

आंटींनी पाण्याचा पेला बाजूला सारला. हातातल्या उरलेल्या अर्ध्या गोळ्याकडे बघितलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या. आवाज न करता आधी, मग आवाज करून, मग टेबलावर हात आपटून. हसता हसता रडल्या, रडता रडता पुन्हा हसल्या. “लॉरेन्स,” त्या कपाटावरच्या फोटोला म्हणाल्या, “यू सी! यू नॉट हिअर, दे पुट करी इन युअर ख्रिसमस!”

मग उठून त्यांनी कपाटातून अंकलची रमची बाटली काढली. तळाशी चार बोटं उरली होती. दोन गोळ्यांवर थोडी थोडी रम टाकली, एक स्वतः घेतला, एक आईपुढे धरला. आईने नाक मुरडलं नाही, विचारलं नाही. खाल्ला, डोळे मिटले आणि निर्णय दिला, “आता जमलं.”

आंटींच्या स्वयंपाकघरात अंकलचा कोको अर्धा डबा शिल्लक होता. त्यांनी तो उघडून आधी इराच्या नाकाखाली धरला. इराने वास घेतला, नाक पुसलं आणि मान हलवली. सुटकेस बाजूला सरकली, टेबल रिकामं झालं, आणि त्या घरात ‘नो ख्रिसमस’ असताना दुपारी दोनपर्यंत गोळे वळणं चाललं. (बेदाण्यांसकट. आंटी आईच्या बाजूने फुटल्या.)

निघताना आंटींनी ताटली नव्या गोळ्यांनी भरून इराच्या हातात दिली. “कॅनॉट रिटर्न एम्प्टी, राइट? युअर आजी से.”

इराने ताटलीकडे बघितलं, सुटकेसकडे बघितलं. “देन यू मस्ट कम बॅक, आंटी. प्लेट विथ अस.”

आंटींनीही ताटलीकडे बघितलं. “कम बॅक लाह,” त्या म्हणाल्या. “माय प्लेट, व्हॉट.”

(मसाल्याच्या उरलेल्या गोळ्यांचं काय झालं? अन्न टाकायचं नाही, हा आईचा तिसरा कायदा. आठवडाभर आमची आमटी गोड लागत होती.)

आंटी मार्चमध्ये आल्या, अंकलच्या वर्षाला. इराने गोळे केले, ताटली भरली. चव बघायची परवानगी नव्हतीच; आईने पुण्याहून फोनवर खल करून एवढंच मान्य केलं की वास घेतला तर देवाची हरकत नाही. मला काम एकच दिलं होतं: ताटली धरून आंटींच्या दारात उभं राहायचं. बेल वाजवण्याआधी इराने एक गोळा उचलला, फोडला, हुंगला, डोळे बारीक करून आत बघितला. मग माझे हात हुंगले.

“ओके, बाबा,” ती म्हणाली. “तू पास.”

बारा वर्षं मी लोकांना पास करत आलो. मला कोणी पास केलं ते त्या दिवशी पहिल्यांदाच, आणि तेही वास घेऊन.