गंगीसाठी लावलेला कौल

कॉलेजात जाऊ लागल्यापासून माझी श्रद्धा डळमळली होती. लिहिताना संकोच वाटतो, पण त्या सकाळी नार्व्याच्या देवळात मी केवळ बाबांच्या सोबतीला गेले होते.

आम्ही बेळगावकडचे. गोव्याला नुकता राज्याचा दर्जा मिळाला होता, डिचोलीत घरं उठत होती आणि बाबा दोन गाढवांवरून रेती, विटा वाहत. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली, तीही त्या जनावरांच्या कष्टावर. पावसाळा सरता सरता त्यातल्या चंद्री गाढवीला ताप भरला, पाय सुजले. सूज आली की तापल्या सळईचा डाग द्यायचा, ही आमची रीत. बाबांनी डाग दिला. चंद्री ती जखम घेऊनच मेली. मग दुसरीचे, गंगीचेही पाय सुजले. पुन्हा सळई धरायला बाबांचा हात धजेना, म्हणून ते देवाला विचारायला आले.

भटजींनी मूर्तीला पाकळी चिकटवली. उजवीकडे पडली तर डाग द्यायचा, डावीकडे पडली तर नाही. मग रिवाजाप्रमाणे मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं, "देवा महाराजा, ह्या लेकराच्या गाढवाक डाग दिवचो काय न्हय?"

"लोक लग्नाचो कौल घेतात, हो गाढवाचो!" रांगेत कुणीतरी म्हणालं आणि हसू पसरलं. बाबांनी मान खाली घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाकळी हलेना.

"हिरड्यो हळदुव्यो जाल्यात?" मागच्या गृहस्थांनी विचारलं. ते पेडण्याचे गुरांचे डॉक्टर, मुलीच्या सोयरिकीसाठी आलेले.

"व्हय जी, पिवळ्याधमक," बाबा म्हणाले.

"मागीर डाग दिवं नाका. चल, दाखय."

रांग सोडून ते आमच्या झोपडीशी आले. गंगीचा कान उलटला, तर आत गोचिडांचे झुबके. "दुखणें पायांत ना, रगतांत आसा. गोचीड चावून जंतू भितर गेल्यात," म्हणत त्यांनी सुई टोचली. "उशीर जाला. आता देवाक सांग."

गंगी जगली, पण पूर्वीचं बळ आलं नाही. तिच्या वाटच्या विटा बाबा डोक्यावर वाहू लागले, आणि माझं कॉलेज चालू राहिलं. रोज सकाळी मी तिचे कान तपासते. शेजारचा चंद्रीचा खुंटा अजून तसाच आहे.

हे देवानं केलं का, मला सांगता येत नाही. एवढंच कळतं, की बाबांनी आपली असहायता चारचौघांत देवापुढे ठेवली, म्हणून ती ऐकली गेली. मला ते जमलं नसतं.

गंगी उठून उभी राहिल्यावर आम्ही देवळात नारळ ठेवायला गेलो, तेव्हा भटजी म्हणाले, "तुम्ही गेलात आणि पाकळी पडली." कुठल्या बाजूला, ते बाबांनी विचारलं नाही. नुसते हात जोडून उभे राहिले. मग मीही जोडले.