मुखरूच्या रेकॉर्डिंगमागची खुसफूस

सिंदेवाहीकडच्या गावांत मुखरूचा आवाज ठाऊक नाही असा एक तरी माणूस दाखवा! त्याची सारी हयात राइस मिलच्या धडधडीत गेली, पण दिवाळी सरली की झाडीपट्टीच्या नाटकांची अनाउन्समेंट त्याचीच. रिक्षावरच्या भोंग्यातून "या हो मंडळी!" निघालं की बाया चुलीवरची भाजी सोडून दारात यायच्या. यंदा नाटक मंडळीच्या दसरूभाऊनं त्याला घरीच माईकवर रेकॉर्डिंग करून पाठवायला सांगितलं, आणि पहिलंच रेकॉर्डिंग माघारी आलं.

"मुखरूभाऊ, आवाज झकास हाय," दसरू फोनवर ओरडला, "पण मागून कोणीतरी खुसफूस करून राह्यलं. साफ करून पाठवा, नाई तं मले दुसरा माणूस पाहा लागंल."

दुसरा माणूस! मुखरूच्या पायाखालची जमीनच सरकली. मिल सुटल्यापासून गावात त्याची ओळख उरली होती ती एवढ्या आवाजाचीच.

आणि घरात खुसफूस करणार कोण? पोरं पुण्याला. बायको कमळा तर कधीपासून मूग गिळून बसलेली. काही विचारलं तर उत्तर नाही, हाक मारली तर ओ नाही. चौकातली मंडळी कशी खणखणीत बोलतात, मग हिलाच काय झालं? "आमच्या घरी मौनव्रत सुरू हाय बावा," असं तो हसत सांगायचा. मनातून मात्र त्याला ते फार खुपायचं.

त्यानं कंबर कसली. पंखा बंद, फ्रीज बंद, खिडक्यांवर गोधड्या. माईक तोंडापासून वीतभर लांब ठेवून जरा तिरपा केला. मोठ्यात मोठी आरोळी ठोकून पाहिली आणि कॉम्प्युटरवरची आवाजाची पट्टी लाल होणार नाही इतपत लेव्हल खाली आणली. आता आधी रिकाम्या खोलीचा नुसता आवाज भरायचा होता. तो नमुना धरून कॉम्प्युटर मागची घरघर पुसतो. बटण दाबून मुखरू श्वास रोखून बसला.

आणि पट्टी नाचायला लागली.

अरे बाप रे! कानाला काही म्हणजे काही नाही, आणि पट्टी सारखी वर-खाली! भूतबित तर नाही? त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यानं मागे वळून पाहिलं. दारात कमळा ताट घेऊन उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. ओठ थांबले, पट्टी पडली. ओठ हलले, पट्टी उठली.

हेडफोन कानाला लावून, आवाज पुरता चढवून त्यानं भरलेलं ऐकलं.

"अजी, भात थंडा होऊन राह्यला. हाका मारून मारून थकली मी. काऊन बोलत नाई जी माया संगं?"

"कमळे, मले आयकूच येत नाई वं!" माईक अजून चालूच होता. एवढी जपून लावलेली लेव्हल, तरी पट्टी लालभडक झाली. कमळाच्या हातातलं ताट खाली पडलं. तोही आवाज त्याला हेडफोनमधूनच आला.

कॉम्प्युटर विचारत होता, मागचा आवाज पुसू का? मुखरूनं घाईघाईनं नाही दाबलं आणि माईक कमळापुढे सरकवला.

"बोल."

"काय बोलू जी?"

"काईबी बोल. जे जे बोलली असशील ते सारं."