अप्पांचा ऊद आणि वळसंगचा छज्जा

रविवारी सकाळी सोलापूरच्या सात रस्ता चौकातून गाडी निघाली, तेव्हा मागच्या सीटवर अप्पा नवरदेवासारखे नटून बसले होते. कडक इस्त्रीचं धोतर, टोपी आणि मांडीवर पूजेची पिशवी…

अप्पा म्हणजे माझे वडील. जन्मभर बांधकामाचे कंत्राटदार. तरुणपणी त्यांनी एका फार मोठ्या आर्किटेक्टच्या हाताखाली कामं केली. ज्यांच्या इमारती बघायला आता परदेशातून पोरं येतात, ते. अप्पा त्यांना नुसतं 'सर' म्हणतात. देवाचं नावही इतक्या भक्तीनं घेत नाहीत हो!

आता काचबिंदूनं अप्पांचा उजवा डोळा गेलाय. डाव्यानं दिसतं, पण तेही दिवसेंदिवस कमी होतंय. "दिसतंय तवर सरांच्या बिल्डिंगा एकदा दाखव की…" असं टुमणं लावलं होतं त्यांनी. म्हणून ही रोडट्रिप. गाडी चालवायला आमचे हे, आणि बडबडीला मी.

शहरातल्या दोन इमारती छान झाल्या. अप्पा आधी भिंतीवरून हात फिरवायचे, मग चौकटीपाशी नारळ फोडायचे आणि धुपाटण्यात ऊद जाळायचे. "चौकटीला ऊद दावल्याबिगर आत पाय टाकायचा न्हाय," हा त्यांचा कंत्राटदारी नेम. लोक बघत राहायचे, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं… पण अप्पांना सांगणार कोण?

दुपारी वळसंगच्या पुढं सरांनी बांधलेल्या एका वसतिगृहापाशी पोचलो. सुट्टीमुळं सगळं सामसूम. वॉचमननं दार उघडून दिलं आणि तो घरी जेवायला गेला.

दारावर हा एवढा मोठा काँक्रीटचा छज्जा. त्याच्या खालच्या अंगाला मोठा काळा डाग दिसत होता. मला वाटलं, ओल आली असेल… आमचे हे तर फोटो काढण्यात दंग. आणि अप्पांना तेवढ्या उंचीवरचं दिसतच नाही. ते आपले पायरीवर बसले, निखारा पेटवला आणि चांगला मूठभर ऊद टाकला. धूर सरळ वर गेला.

आधी नुसती घरघर ऐकू आली. मी वर बघितलं, तर ती ओल हलत होती…

आग्या मोहोळ!

मी किंचाळले. ह्यांनी माझा दंड धरून मला आत ओढलं आणि दार लावलं. अप्पा आमच्या मागं असतील असं ह्यांना वाटलं… मलाही. वळून बघते, तर बोळात आम्ही दोघंच.

खरं सांगते, पाय जमिनीला चिकटले. बाहेर ती भयंकर घोंघों, आणि त्यात अप्पांचा आवाज, "अव्वा… कुटं हाईस गं?" आमच्याकडं लेकीला लाडानं अव्वा म्हणतात, म्हणजे आई. माणसाला दार कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा दिसत नव्हतं, आणि मी आत उभी! बाहेर जायचं म्हटलं की हात कडीपर्यंत पोचेना.

भिंतीशी जेवणाच्या पंगतीची मोठी सतरंजी गुंडाळून ठेवलेली होती. ह्यांनी ती उचलली. "चल," एवढंच म्हणाले. ती डोक्यावरून ओढून आम्ही दोघं बाहेर पडलो.

अप्पा पायरीखाली पालथे पडले होते. टोपी कुठं गेली होती कोण जाणे. मी त्यांच्या अंगावर पडले, ह्यांनी वरून सतरंजी पसरली. वर माशांचा नुसता सडा पडत होता. मला कुठं कुठं चावल्या, काही कळलं नाही. मी मोठ्यानं रडत होते.

"अळबेड अव्वा," अप्पा कानडीत म्हणाले. रडू नको. आणि मग अगदी हळू… "डाव्या डोळ्याला चावली गं."

त्या क्षणी मला जे वाटलं ते लिहिता येत नाही. जीव वाचावा एवढंच मागत होते तोवर, आणि आता तेवढ्यानं भागेना. देवा, तो डोळा नको रे. तेवढा एकच आहे…

सतरंजीसकट आम्ही तिघं कासवासारखे सरकत दारातून आत शिरलो. मोहोळ शांत झाल्यावर ह्यांनी गाडी थेट पायरीला लावली. सोलापूरपर्यंत अप्पांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ते सारखं एकच म्हणत होते, "माझ्या उदानं झालं बघ… तुमा दोगांस्नी काय न्हाय की झालं?" मी "न्हाय" म्हणत होते आणि दात एकमेकांवर आपटत होते.

हॉस्पिटलमध्ये काटे काढले, इंजेक्शनं दिली. जीवाला धोका नाही म्हणाले. पण डावा डोळा सुजून पार मिटलेला. "सूज उतरल्याशिवाय काही सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

दुसरा सगळा दिवस मी त्या मिटलेल्या डोळ्याकडं बघत बसले. अप्पा मात्र पडल्या पडल्या सरांच्या छज्ज्याचं कौतुक करत होते. मला संताप येत होता, आणि दर थोड्या वेळानं बाथरूममध्ये जाऊन मी रडून येत होते.

संध्याकाळी पापणी जराशी हलली. मग बारीकशी फट उघडली. अप्पा छताकडं बघत राहिले, मग मान माझ्याकडं वळवली…

"अगं बया," अप्पा म्हणाले, "तुझं नाक केवढं सुजलंय! पार वांगं झालंय की…"

उभ्या जन्मात माझ्या रूपाचं इतकं सुंदर कौतुक कुणी केलं नव्हतं.