साधी की जबर?

घरातली वस्तू वापरण्यासाठी असते यावर अजिबात विश्वास नसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला : आमच्या शेजारचे वकीलसाहेब. मूळचे खाडीकाठच्या गावचे, राहायला करंजाड्यात आमच्याच मजल्यावर, आणि वकिली बेलापूरच्या कोर्टात, तीही सगळी मारामारीच्या केसेसची. कुणाकडे सत्यनारायणाला गेले की प्रसादाआधी समई उचलून बघणार. "डोक्यात घातली त जबर दुखापत, पाठीत घातली त साधी," असं यजमानीणबाईंना सांगून शांतपणे तीर्थासाठी हात पुढे करणार. एका बारशाला त्यांनी खुळखुळा हातात तोलून "हा निर्धोक हाय" असा निकाल दिला, तेव्हा बाळाच्या आजीचा जीव भांड्यात पडला.

पण माझा भाचा केसमध्ये अडकला तेव्हा आधार याच माणसाचा. सोसायटीच्या गणपतीत भाचा चहासाठी आलं कुटत बसला होता. पार्किंगवरून सेक्रेटरी त्याला म्हणाले, "बापाची जागा आहे का रे?" याने हातातला लोखंडी बत्ता भिरकावला. सेक्रेटरींच्या खांद्याला नुसतं खरचटलं, पण केस झाली ती जबर दुखापतीच्या प्रयत्नाची. शिक्षा झाली तर न्हावा शेव्याच्या बंदरातली भाच्याची नोकरी गेलीच.

"पण लागलंय कुठे एवढं?" मी विचारलं.

"लागलं किती ते कोर्ट बघतंच, भाऊ. पन लागू शकलं असतं किती, तेपन बघतं. वस्तू कसली, नेम कुठं, जोर किती. तुमी साक्षीला या, आनि विचारतील तेवढंच बोला."

विचारतील तेवढंच बोलणं आमच्या घराण्यात नाही. सरकारी वकिलांनी बत्ता माझ्या हातात देऊन विचारलं, "जड आहे का?"

"छे! फूल आहे, फूल!" म्हणत मी न्यायाधीशांच्या खात्रीसाठी तो एका हाताने वर उडवून दाखवला. झेलायला मात्र दोन्ही हात कमी पडले. बत्ता माझ्या पायाच्या अंगठ्यावर आणि मी आमच्याच वकीलसाहेबांच्या अंगावर.

"आणखी प्रश्न नाहीत," सरकारी वकील म्हणाले आणि बसले.

दवाखान्यात वकीलसाहेबांनी एक्स-रे उजेडाकडे धरला. "हाड मोडलं. म्हंजे कायद्यानं जबरच," ते पुटपुटले. "भाऊ, तुमी आपल्या बाजूचे होते ना?"

निकाल लागायचा होता, पण काय लागणार ते त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. नेमकी लिफ्ट बंद, म्हणून भाच्याने मला पाठीवर घेऊन वर आणलं. पलंगावर बसवलं, आणि पट्ट्या बांधलेला माझा पाय दोन्ही हातांनी उचलून उशीवर असा ठेवला की मला कळलंसुद्धा नाही. मला बरं वाटावं म्हणून वर हसतही होता बिचारा.

वकीलसाहेब दारातच थांबून त्याच्या हातांकडे बघत राहिले. मग चष्मा पुसत म्हणाले, "आता हे कोर्टाला कसं दाखवू मी?"